चुकांच्या वहीतलं कोरं पान

मॅडम, सोमवारी पोरं आली.

सकाळी पावणेनऊलाच पाचही जण गेटवर उभी होती. प्रत्येकाच्या हातात तुमच्या सहीचं पत्र. एकीने तर ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं, लग्नपत्रिका ठेवावी तसं. तुम्ही नाही आहात हे ऑफिसने त्यांना आधीच कळवलं होतं. तरी एकाने मला हळूच विचारलं, "सर, मॅडमची खोली कुठली?" मी म्हटलं, "मी सर नाही. मी जाधव, या लॅबचा टेक्निशियन. आणि खोली ती, कोपऱ्यातली." त्याने दारातूनच आत डोकावून पाहिलं. तुमचा चष्मा अजून टेबलावर आहे. तुमच्या मुलीने बाकीचं सामान नेलं, चष्मा द्यायचा मी विसरलो असं तिला सांगितलंय. विसरलो नव्हतो.

तुम्ही जाऊन सतरा दिवस झाले होते. डायरेक्टरसाहेब म्हणाले, यंदा इंटर्न नकोत, शिकवणारं माणूसच राहिलं नाही, पत्रं रद्द करून टाका. आणि मॅडम, जो माणूस एकोणीस वर्षं दर एप्रिलला तुमच्या दारात उभा राहून "यंदा तरी ही उन्हाळी जत्रा नको" म्हणायचा, तोच साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडला. म्हटलं, मॅडमनी सही केलेली पत्रं रद्द होणार असतील तर मलाही उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. तुम्ही तिथे असता तर हसून हसून तुम्हाला ठसका लागला असता.

आपलं भांडण तसं साधंच होतं. मी म्हणायचो, ही पोरं दोन महिन्यांसाठी येतात, पहिला महिना काचा फोडतात, दुसऱ्या महिन्यात कुठे जरा हाताशी येतात तोवर निघून जातात. तुम्ही विचारायचात, "जाधव, तुम्ही पहिल्या महिन्यात काय फोडलंत?"

"काही नाही."

"मग काही शिकलाही नसाल."

हे मला दर वेळी झोंबायचं. तुम्हाला ते कळायचं आणि म्हणून तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारायचात.

बाकीच्या लॅबवाल्यांनी मार्कांच्या याद्या लावून पोरं निवडली. तुम्ही मार्क कधी पाहिलेच नाहीत. तुमच्या अर्जात एकच प्रश्न: तुमच्या हातून मोडलेल्या किंवा बिघडलेल्या एका गोष्टीबद्दल एक पान लिहा. कुणी वडिलांच्या स्कूटरबद्दल लिहायचं, कुणी आजीच्या श्रवणयंत्राबद्दल. एकाने लिहिलं की त्याच्या हातून एक मैत्री मोडली. तुम्ही तो अर्ज बाजूला ठेवलात. म्हणालात, हा पोरगा आपल्याला हुशारी दाखवतोय, याच्याकडून खरी चूक कबूल करून घ्यायला चार महिने लागतील, आपल्याकडे दोनच आहेत.

आणि मग ती वही. पहिल्या दिवशी चहा झाला की तुम्ही कपाटातून ती जाड, कापडी बांधणीची वही काढायचात आणि पोरांसमोर ठेवायचात. चुकांची वही. प्रत्येक नोंदीला तीन रकाने: काय झालं, कसं लक्षात आलं, पुढच्या वेळी काय करायचं. तिसरा रकाना कोरा सोडायचा नाही हा नियम. लिहिणाऱ्याने तुमच्याकडे वही न्यायची, तुम्ही खाली हिरव्या शाईने 'वाचलं' असं लिहून छोटीशी सही करायचात. बस. त्यापुढे त्या चुकीबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. "लिहिलेली चूक माफ," तुम्ही सांगायचात, "लपवलेली नाही."

पहिलं पान तुमचं स्वतःचं. पोरांना तुम्ही ते मोठ्याने वाचून दाखवायचात: मी विद्यार्थिनी असताना, माझ्या गुरूंनी दोन वर्षं जोपासलेले जंतू खराब झाले आहेत असं समजून सिंकमध्ये ओतून टाकले. पोरांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. भीती जायची त्यांची. दुसरं पान तुमच्या जुन्या सहकाऱ्याचं, ते आता परदेशी असतात. तिसऱ्या पानावर वर 'जाधव' लिहिलेलं आणि खाली पांढरं शुभ्र.

त्या कोऱ्या पानाचा मला अभिमान होता, मॅडम. पोरं वही चाळताना त्या पानावर थांबायची आणि माझ्याकडे बघायची, आणि मी फ्लास्क पुसत राहायचो. तुम्ही कधीतरी चिडवायचात, "जाधव, तुमचं पान कोरं आहे म्हणजे तुम्ही चुकत नाही असं नाही, तुम्हाला शाई महाग वाटते." मी म्हणायचो, "चुकलो की लिहीन."

आता खरी गोष्ट सांगतो. एवढं सगळं लिहिलं ते तिथवर यायला धीर होत नव्हता म्हणून.

प्रणाली आठवते ना तुम्हाला? आठवते, मला माहीत आहे. चार वर्षांपूर्वीची, दिवाळे गावची. आपण ज्या खाडीचा गाळ इतकी वर्षं तपासतो, त्याच खाडीच्या काठावर जिचं घर. आई मासळी विकते. अर्जात तिने लिहिलं होतं, बाबांच्या होडीचं इंजिन तिने 'साफ करायला' म्हणून उघडलं आणि ते पुन्हा लागलं नाही, भर हंगामात होडी आठ दिवस किनाऱ्याला. तो कागद तुम्ही मला वाचून दाखवलात आणि म्हणालात, "ही येणार."

पहिल्याच दिवशी तिने जेवणाचा डबा सॅम्पलच्या फ्रीजमध्ये ठेवला. मी ओरडलो. तुम्हाला आठवतं, ती रडली वगैरे नाही, सरळ वही मागितली आणि लिहिलं: 'खाण्याचा डबा सॅम्पलच्या फ्रीजमध्ये ठेवला. जाधवकाकांच्या आवाजावरून लक्षात आलं.' तुम्ही ते वाचून इतक्या हसलात की सही वेडीवाकडी झाली. महिन्याभरात तिच्या नावावर चार नोंदी. मी म्हटलं होतं, ही पोरगी वही संपवणार. तुम्ही म्हणालात, "हिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल."

त्या डब्यातला जवळा तुम्हाला किती आवडला होता! तुमच्या घरी अंडंसुद्धा चालत नव्हतं आणि तुम्ही बोटं चाटून खाल्लात. तिची आई मग दर आठवड्याला वेगळा डबा पाठवायची, झाकणाला दोरा बांधून.

तर, ते काम. खाडीच्या तोंडाशी गाळ खारट, आत नाल्याजवळ कमी खारट. दोन्हीकडचे जंतू वेगळे असणार. काहींना वाढायला मीठ लागतं, काहींना नको असतं. प्रणालीने ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून दोन्हीकडचा गाळ आणला. जंतू वाढवायला लागणारं अगार, म्हणजे ते खरवसासारखं थिजणारं खाद्य, मी तयार केलं. ते माझंच काम. दोन मोठे फ्लास्क: एकात मीठ घातलेलं, एकात बिनमिठाचं. दोन्हींवर कागदी पट्टीची लेबलं लावली आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवले. ऑटोक्लेव्ह म्हणजे शेवटी मोठा प्रेशर कुकरच. वाफ फार झाली. उघडून बघतो तर दोन्ही लेबलं सुटून तळाच्या पाण्यात पडलेली.

त्या वेळी काय करायला हवं होतं हे कुठल्याही नवशिक्याला ठाऊक असतं. दोन्ही फ्लास्क ओतून द्यायचे आणि पुन्हा करायचं. तास-दीड तासाचं काम. पण मला खात्री होती. मीठवाला डावीकडे ठेवला होता, मला दिसत होतं डोळ्यांसमोर. पंधरा वर्षांचा हात. मी लेबलं पुसली आणि पुन्हा चिकटवली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्हाला माहीत आहे ते उलटं आहे. प्रणालीने ते अगार काचेच्या बशांसारख्या प्लेटांत ओतून त्यावर गाळातले जंतू सोडले; तीन दिवसांनी प्लेटा उघडल्या तर सगळं आक्रीत. खाडीच्या खाऱ्या तोंडाचे जंतू बिनमिठाच्या प्लेटांवर भरभरून वाढलेले, मिठाच्या प्लेटांवर जवळपास काहीच नाही. तुम्ही एका नजरेत म्हणालात, "प्लेटांची अदलाबदल झालीय." सहज म्हणालात, रागाने नाही. वही पुढे केलीत.

प्रणालीने वही घेतली नाही.

"मॅडम, मी प्लेटा बदलल्या नाहीत."

"अगं, होतं असं. लिही आणि मोकळी हो. परत कर."

"परत करते. पण लिहिणार नाही. मी केलंच नाही तर काय लिहू?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमचा आवाज अजून माझ्या कानात आहे. "जाधव, फ्लास्कवरची लेबलं बरोबर होती ना?"

मॅडम, मी 'हो' म्हटलं नाही. मी म्हटलं, "माझी लेबलं कधी चुकतात का?"

चार वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी खोटं बोललो नाही, फक्त प्रश्न विचारला. तुम्ही त्यावर मान हलवलीत आणि पुन्हा तिच्याकडे वळलात, आणि तिथे सगळं ठरलं.

त्याच दुपारी, तुम्ही मीटिंगला गेल्यावर, मी उरलेलं अगार तपासलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असावं. बिनमिठाच्या फ्लास्कमधला एक तुकडा डिस्टिल्ड पाण्यात घुसळला, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. मीठ असेल तर पाणी पांढरं होतं, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. पाणी दह्यासारखं दाट पांढरं झालं. मी ती टेस्ट ट्यूब हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग धुतली. दोन्ही फ्लास्कही घासून, धुऊन, पालथे घातले. माझ्या हातचे फ्लास्क नेहमीच चकचकीत असतात.

उद्या सांगू म्हटलं. उद्याचं परवा झालं. तिने पुन्हा प्रयोग लावला तेव्हा अगार मीच केलं आणि या वेळी काचेवरच पक्क्या शाईच्या मार्करने खूण केली. निकाल अगदी बरोबर आला. आणि त्या बरोबर आलेल्या निकालानेच तिचा घात केला. तुम्ही म्हणालात, "बघ, आता आलं ना नीट? म्हणजे पहिल्यांदा प्लेटाच बदलल्या होत्या." ती म्हणाली, "मला माहीत नाही काय झालं होतं. पण मी बदलल्या नव्हत्या."

तुम्हाला राग आला नव्हता हो. तुम्हाला दुःख झालं होतं. जिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, ती एवढीशी गोष्ट कबूल करत नाही म्हणून. शेवटच्या दिवशी सगळ्या पोरांना तुम्ही शिफारसपत्रं दिलीत. प्रणालीला नुसतं हजेरीचं प्रमाणपत्र. ती दारात थांबली, म्हणाली, "मॅडम, पुढे रिसर्चला जायचं तर तुमचं पत्र लागेल मला." तुम्ही म्हणालात, "चुका करणाऱ्या माणसाबरोबर काम करता येतं, बाळा. लपवणाऱ्याबरोबर नाही येत." मी तिथेच होतो. पाच पावलांवर. पिपेट मोजत होतो.

जाताना ती माझ्याही पाया पडली.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवत मी उभं आयुष्य काढलं आणि माझ्या डोळ्यात मुसळ घेऊन तुमच्यासमोर चार वर्षं वावरलो. तुमच्याकडून किती घेतलं मी! मला बीएस्सीनंतर कुणी काही शिकवेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही मला शेजारी बसवून शोधनिबंध वाचायला शिकवलंत, शब्दकोश दिलात. आपल्या खाडीच्या कामाच्या लेखात शेवटी माझं नाव घातलंत, ते मी कामोठ्याच्या घरी फ्रेम करून लावलंय. हे सगळं आठवतं आणि मग ते 'कधी चुकतात का' आठवतं. पहिल्यासाठी तुमचे आभार मानायला गेलं की दुसरं आडवं येतं.

आणि यंदाच्या फेब्रुवारीतली ती दुपार. तुम्ही अर्ज वाचत होतात. तुमची तब्येत बरी नव्हती, ते आम्हाला कुणाला कळू दिलं नव्हतंत. मधेच कागद खाली ठेवून म्हणालात, "जाधव, ती प्रणाली आठवते? मी तिच्याशी जरा जास्तच कडक वागले का हो? कधी कधी वाटतं, खरंच सांगत असेल तर?"

मॅडम, माझ्या तोंडाशी आलं होतं. देवाशपथ आलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, उत्तराची वाट बघत होतात. आणि मी म्हटलं, "चहा सांगू का?"

तुम्ही म्हणालात, "सांगा."

त्या दिवशी मी बोललो असतो तर तुम्ही काय केलं असतं तेही मला माहीत आहे. रागावला असता, दोन दिवस बोलला नसता, आणि तिसऱ्या दिवशी गाडी काढून दिवाळ्याला गेला असता. मला बरोबर घेऊन. पत्र हातात घेऊन. अजून वेळ होता. दोन महिने होते आपल्याकडे.

शोकसभेत सगळे चांगलं बोलले. साहेबांनी तुमचे पेपर मोजले, कुणी तुमच्या शिस्तीबद्दल बोललं. मला बोलायला सांगितलं तर मी उठून उभा राहिलो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं भरून आलं. मागच्या रांगेत प्रणाली उभी होती. चार वर्षांत बारीक झालीय, पण ओळखलं. संपल्यावर माझ्याजवळ आली. डोळे लाल. मला वाटलं आता विचारेल. ती म्हणाली, "काका, जेवताय ना वेळेवर? मॅडम नसल्या की तुम्ही डबा तसाच परत नेता, मला माहितीये."

त्यानंतरच्या रविवारी मी दिवाळ्याला गेलो.

तिची आई ओट्यावर सुकवलेली मासळी निवडत होती. "कोन पायजे?" म्हणाली. मी नाव सांगितल्यावर हात पुसत उठली. "अगो बाय, तुमी त्या लॅबचं ना? बसा, बसा. प्रणाली हाय, येल आता. तुमची म्याडम गेली ऐकला नं लय वाईट वाटला. तिला जवळा आवडायचा. मी यंदाचा राखून ठेवला व्हता. आता कोनाला देऊ?"

प्रणाली आली. आम्ही जेटीच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. ती हल्ली एका कंपनीत पाणी तपासते, रोज तीच चार मापं. म्हणाली, "आमच्या लॅबमध्ये मी पण तशीच वही ठेवलीये, काका. तीन कॉलम. सगळे हसतात मला." मी म्हटलं, "प्रणाली, ते अगार चुकलं होतं. लेबलं सुटली होती, मी अंदाजाने लावली. त्याच दिवशी तपासून मला कळलं होतं. मी बोललो नाही."

ती होड्यांकडे बघत होती. मी तयारी करून गेलो होतो, ती ओरडेल, शिव्या देईल. तिने माझ्या थोबाडीत मारली असती तरी मी गाल पुढे केला असता.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला माहितीये का, पहिले सहा महिने मला पक्कं ठाऊक होतं की मी नाही केलं. मग हळूहळू वाटायला लागलं, मॅडम कशा चुकतील? जाधवकाकांची लेबलं कशी चुकतील? म्हणजे मीच केलं असणार आणि मला आठवत नसणार. मग विचार केला, जिला स्वतःच्या हातांनी काय केलं तेच आठवत नाही, तिने रिसर्च कशाला करायचा? फॉर्म आणून ठेवला होता मी. भरलाच नाही."

तिने वळून विचारलं,

"मॅडमना कळलं होतं?"

"नाही."

तेव्हा ती रडली. मघापासून आवरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "म्हणजे त्या तसंच समजून गेल्या," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी खोटारडी, असंच समजून गेल्या."

मी तिला फेब्रुवारीतलं सांगितलं. तुम्ही 'खरंच सांगत असेल तर' म्हणालात ते. आणि चहाचंही सांगितलं. ते सांगितल्याशिवाय पहिलं सांगायचा मला हक्क नव्हता. तिने डोळे पुसले. म्हणाली, "तेवढं तरी बरं झालं." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "माफ केलं असं मी आता नाही म्हणणार, काका. ते खोटं होईल."

"नकोच म्हणू."

"वहीत लिहिलंत?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग? आधी तिकडे लिहायला हवं होतं."

निघताना तिच्या आईने जवळ्याची पुडी माझ्या हातात कोंबली. तिला काही ठाऊक नव्हतं. नाही म्हणता येईना. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो होतो, वास सगळ्या बसभर.

तर सोमवारी चहा झाल्यावर मी कपाटातून वही काढली. पाच पोरं, स्टुलांवर अवघडून बसलेली. तुमचं पहिलं पान मी वाचून दाखवलं. सिंकमध्ये ओतलेले जंतू. दरवर्षीच्या पोरांसारखीच ही पोरंही हसली आणि जरा सैल झाली. मग मी तिसरं पान उघडलं आणि त्यांच्यासमोर बसून लिहायला लागलो. अक्षर तुमच्या भाषेत 'कोंबड्याचे पाय'. काय झालं: लेबलं सुटली असता अंदाजाने लावली, दोष प्रणालीवर गेला, विचारल्यावर खरं सांगितलं नाही. कसं लक्षात आलं: त्याच दिवशी, सिल्व्हर नायट्रेटने. लिहून झालं ते मोठ्याने वाचलं. कुणी हसलं नाही. फोल्डरवाली मुलगी पुढे वाकून बघत होती. ती म्हणाली, "काका, तिसरा कॉलम रिकामा आहे."

पहिल्या दिवशीच नियम पाठ! तुम्हाला आवडली असती ही.

मी पुन्हा पेन उचललं. वरातीमागून घोडं दामटताना काय लिहायचं असतं, मॅडम? लेबलं काचेवर लिहायची, हे लिहिता आलं असतं. सुटलेलं लेबल दिसलं की फ्लास्क ओतून द्यायचा, हेही. दोन्ही बरोबरच आहे. पण मी लिहिलं: 'त्याच दिवशी सांगायचं. माणूस समोर आहे तोवर.'

पोरं कामाला लागली. मघाचा तो मुलगा, तुमची खोली विचारणारा, वही परत द्यायला आला तेव्हा म्हणाला, "काका, सगळ्या पानांवर खाली हिरव्या शाईत काहीतरी लिहिलंय. तुमच्यावर नाही. साहेबांना नेऊन दाखवू का सहीला?"

मी म्हटलं नको. प्रणालीला त्या पानाचा फोटो पाठवला. तिने पाहिलाय, निळ्या खुणा आल्यात, उत्तर आलेलं नाही. शिफारसपत्रावर माझ्या सहीला काही किंमत नाही, ते मला माहीत आहे. तरी खरं काय घडलं ते सगळं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलंय. पुढचं त्यांनी बघावं.

तुमचं हिरवं पेन ड्रॉवरमध्ये आहे, अजून चालतं. मी पाहिलं. वही उघडून तुमच्या टेबलावर ठेवलीय, चष्म्याशेजारी, तिसऱ्या पानावर. एकोणीस वर्षं या पानावर काहीच नव्हतं. आता सगळं आहे, फक्त तुमचं 'वाचलं' नाही.